बोंबल्या आणि साडेदहाचा ठोका

न्यूफाउंडलंड बेटावरच्या माणसाला दोन गोष्टी शिकवायला जाऊ नये. एक, चहा कसा करायचा आणि दुसरी, वाजले किती. चहा ते काळाकुळकुळीत होईपर्यंत उकळतात आणि घड्याळ आमच्यापेक्षा अर्धा तास पुढे, तिरकं लावतात, आणि या दोन्हींचा त्यांना भारी अभिमान. आम्ही लॅब्राडोरवाले समोरच्या किनाऱ्यावर राहतो. सरकार एकच, निवडणुका एकच, पण आम्ही गूस बेकडचे लोक घड्याळ सरळ लावतो. लिअँडर बजेल आमच्याकडे नोकरीला आला तेव्हा मात्र बेटावरचं घड्याळ मनगटावर तसंच बांधून आला.

लिअँडर विमानांचा मेकॅनिक. छोट्या विमानाच्या शेपटीत एक नारिंगी डबा बसवलेला असतो. विमान कुठे आपटलं तर त्या हिसक्याने तो डबा आपणहून जागा होतो आणि रेडिओवर एकसारखा किंचाळत सुटतो, म्हणजे शोधणाऱ्यांना माग लागावा. सरकारी कागदात त्याला लांबलचक नाव आहे. आमच्याकडे सगळे त्याला बोंबल्या म्हणतात.

बोंबल्या जिवंत आहे की मेलाय, हे अधूनमधून तपासावं लागतं आणि तपासायचं म्हणजे त्याला थोडं बोंबलू द्यावं लागतं. आता डोक्यावरून युरोपला जाणाऱ्या विमानाच्या पायलटाला काय कळणार, बोंब खरी की खोटी? म्हणून नियम असा केलाय की जुन्या पद्धतीचा बोंबल्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच वाजवायचा, आणि तोही पाच सेकंदांच्या वर नाही. त्या वेळात किंकाळी ऐकू आली तर ऐकणारा समजतो की खाली कुणी मेकॅनिक काम करतोय. एरवी आली तर माणसं फोन उचलतात.

आता तास कुणाचा, तर ग्रीनिचच्या घड्याळाचा. आणि इथेच बेटवाल्यांचं घोडं अडतं. जगाचा तास भरतो तेव्हा त्यांच्या घड्याळात साडे वाजलेले असतात. लिअँडरला ज्या ऑगस्टस काकांनी हा धंदा शिकवला, त्यांनी ग्रीनिचच्या भानगडीत न पडता एकच मंत्र दिला होता, "साडेच्या ठोक्याला दाबायचं." साडेनऊ असो, दीड असो की अडीच, लिअँडरचा अंगठा साडेच्या ठोक्याला उठायचा. उभ्या आयुष्यात त्याच्या हातून एकही खोटी बोंब गेली नव्हती आणि हे तो विचारल्याशिवायही सांगायचा.

बेटावरची त्याची कंपनी हिवाळ्यात बंद पडली. पन्नाशी उलटलेल्या मेकॅनिकला कोण विचारतो? विचारलं ते डॉरकस ग्रोव्ह्ज बाईंनी. गूस बेच्या बाहेर लून कोव्ह म्हणून एक खाडी आहे, तिथे बाईंची पाण्यावर उतरणारी तीन विमानं आहेत. मासे धरायला येणाऱ्या हौशी लोकांना त्या रानातल्या तळ्यांवर नेऊन सोडतात. साठी ओलांडली तरी स्वतः विमान चालवतात, आणि बोलणं असं की समोरच्याचं पाणी पाणी व्हावं. त्यांनी लिअँडरला सांगून टाकलं की उन्हाळाभर काम बघेन, पटलं तर पक्का करीन, नाहीतर बोट आहेच परतीची.

त्याची बायको ट्रायफिना मागे बेटावर, केपलिन आर्म गावाला राहिली. ती म्हणत होती, मीही येते. लिअँडरने तिला बजावलं होतं की नोकरी पक्की होईपर्यंत घरातला चमचासुद्धा हलवू नकोस, उगाच दोन घरांचा खर्च नको, हसं नको. तिने खोक्यांत भांडी भरली होती आणि त्याच्या शब्दाची वाट बघत त्या खोक्यांमध्येच ती जेवत होती. रोज संध्याकाळी बेटाच्या साडेसातला तो फोन करायचा. दिवसभर त्याचं अर्धं लक्ष त्या फोनकडे लागलेलं असायचं, हे त्याने कुणाला सांगितलं नसतं, पण आम्हाला दिसत होतं.

घड्याळ न बदलण्याचं खरं कारणही तेच होतं. ती जेवायला बसली असेल, ती आता मांजराला आत घेत असेल, हे त्याला मनगटाकडे बघून कळायचं. पण त्यापायी धक्क्यावर रोज तमाशा. हा जेवायला अर्धा तास आधी हजर. विमान सातला तयार ठेव म्हटलं की हा साडेसहालाच इंजिन सुरू करून पाहुण्यांच्या झोपेचं खोबरं करायचा. फोन आणि रेडिओ सांभाळणारा टोबी चॉक त्याला रोज विचारायचा, "लिअँडर काका, बेटावर उद्याचा पेपर आला का? निकाल काय लागला हॉकीचा?"

एका बुधवारी एक गिऱ्हाईक या अर्ध्या तासाच्या घोळात धक्क्यावर ताटकळलं आणि बाईंचा पारा चढला. त्यांनी लिअँडरला बोलावून सांगितलं, "घड्याळ बेटाचं ठेवायचं असेल तर बेटावर जा. माझ्या धक्क्यावर माझी वेळ चालते."

लिअँडरने मुकाट्याने घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. अवघ्या अर्ध्या तासाची ती गोष्ट, पण त्याला वाटलं आपण ट्रायफिनाचा हात सोडला. संध्याकाळी नव्या घड्याळात साडेसात वाजले तेव्हा त्याने फोन लावला. तिकडे आठ वाजले होते. ट्रायफिनाने पहिल्याच घंटीला उचलला आणि कुठे मेला होतास म्हणून फैलावर घेतलं. त्याने घड्याळाचं सांगितलं.

"म्हणजे तू तिकडचा झालास," ती म्हणाली. मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

ते 'बरं' लिअँडरला रात्रभर टोचलं. गुरुवारी त्याने फोन केला तर तिकडे नुसतीच घंटी वाजत राहिली. रुसली, असं त्याने धरलं. बायको रुसली की तिला दोन दिवस द्यावेत, हे त्याला लग्नात शिकायला मिळालं होतं.

शुक्रवारी सकाळी त्याने एका विमानातला बोंबल्या काढून त्यात नवी बॅटरी घातली आणि तो बाकावर ठेवून साडेदहाची वाट बघत बसला. मनगटावर साडेदहा झाले. अंगठ्याने बटण दाबलं, समोरच्या छोट्या रेडिओवर किंकाळी आली, पाच सेकंद मोजून त्याने बटण सोडलं. बोंबल्या ठणठणीत होता. सगळं कसं ऑगस्टस काकांनी शिकवलं तसं.

थोड्या वेळाने टोबी ऑफिसातून बाहेर आला. विमानतळावरून फोन आला होता. वरून जाणाऱ्या एका मोठ्या विमानाच्या पायलटाने बोंब ऐकली होती, आणि ते सगळ्यांना विचारत होते की तुमची विमानं जागेवर आहेत ना. आपली तिन्ही आहेत असं टोबीने कळवलं होतं.

लिअँडरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटाकडे. दोन्ही एकच वेळ दाखवत होती, आणि तिथेच चूक त्याच्या ध्यानात आली. घड्याळ लॅब्राडोरचं झालं होतं. अंगठा बेटावरच राहिला होता. इथे जगाचा तास दहाच्या ठोक्याला भरतो, आणि त्याने बोंबल्या वाजवला होता भर तासाच्या मध्यावर. साडेसातीबद्दल ऐकलं असेल तुम्ही. लिअँडरला साडेदहाती लागली.

आयुष्यभर जे मिरवलं ते गेलंच, पण नोकरीही गेली, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. तरी तो सरळ बाईंकडे गेला. त्या धक्क्यावर एका विमानात तेल ओतत होत्या.

"बाई, ती बोंब माझी," तो म्हणाला. "वेळ चुकली माझी."

बाईंनी तेलाचा डबा खाली ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तीस वर्षांत एकदाही नाही म्हणायचास तू," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी बोलू." आणि विमानतळाला फोन करायला निघून गेल्या.

संध्याकाळी बोलू म्हणजे काय, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. लिअँडर बाकाशी जाऊन उभा राहिला. मनातल्या मनात तो ट्रायफिनाशी बोलायला लागला. खोकी उघड म्हणून कसं सांगायचं, आणि मी येतोय हे सांगताना आवाज कसा ठेवायचा, याची तो जुळवाजुळव करत होता. तेवढ्यात बाई परत आल्या, आणि आता मात्र त्या खरंच चिडलेल्या होत्या.

"चूक झाली ती झाली. पण आता तो बंद कर की," त्या म्हणाल्या. "विमानतळवाले म्हणतायत, बोंब अजून चालू आहे. आणखी दोन विमानांनी ऐकली."

लिअँडरने बॅटरी हातात घेऊन दाखवली. त्याने ती केव्हाच काढून ठेवली होती. बोंबल्या बाकावर पोट फाडलेल्या माशासारखा उघडा पडला होता.

"हा माझा नाही," तो म्हणाला.

ज्याने नुकतीच एक चूक कबूल केलीय, त्याच्यावर लगेच विश्वास ठेवणं कठीणच. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, बॅटरीकडे बघितलं, आणि छोटा रेडिओ चालू केला. बोंब इथली असती तर रेडिओने कानठळ्या बसवल्या असत्या. तो गप्प होता. वर उंचावरच्या विमानांना ऐकू येतंय आणि इथे जमिनीवर चिडीचूप, याचा अर्थ एकच की बोंब डोंगरांच्या पलीकडून येतेय.

"मग कोण बोंबलतंय?" टोबी म्हणाला. कुणाचंही विमान बेपत्ता नव्हतं. बचावाचं हेलिकॉप्टर उत्तरेला किनाऱ्यावर गेलेलं होतं, यायला दुपार होणार होती.

बाईंनी हातमोजे चढवले. "लिअँडर, तो रेडिओ घे आणि चल. तुझ्या घड्याळावर माझा भरवसा नाही, पण कान चांगले आहेत तुझे."

पाण्यावरून विमान उचललं आणि डोंगरांच्या वर आलं तशी रेडिओवर बारीक किंकाळी उमटली. शेपटीत डबा बसवणाऱ्या माणसाने आयुष्यभर तो आवाज पाच पाच सेकंदच ऐकलेला असतो. न थांबणारी बोंब लिअँडर पहिल्यांदा ऐकत होता. कुणीतरी तिथे खाली आहे, कदाचित पाण्यात, कदाचित उलटं लटकलेलं, आणि आपण मात्र सकाळपासून आपल्या नोकरीचं रडतोय, याची त्याला लाज वाटली. बाई विमान हळूहळू वळवत होत्या. दक्षिणेला तोंड केलं की आवाज चढायचा, इतर कुठे केलं की उतरायचा. लिअँडर नुसता हाताने दाखवत होता, अजून थोडं डावीकडे, आता सरळ.

खाली काळं रान, तळी, आणि त्यातून दक्षिणेकडे गेलेला खडीचा रस्ता. त्या रस्त्यावर शेकडो किलोमीटर एक दुकान नाही की फोन लागत नाही. आवाज वाढत वाढत इतका झाला की लिअँडरला रेडिओ कानापासून दूर धरावा लागला. दोघंही झाडांत मोडलेले पंख शोधत होते. पंख कुठेच नव्हते. रस्त्याच्या कडेला एक पिकअप तिरका उभा होता. मागे गादी, खोकी, पलंगाचे लाकडी पाय. शेजारी बारीकशी धुनी पेटवलेली, तिच्यावर किटली, आणि धुरात, डासांपासून तोंड वाचवत, एका हिरव्या खुर्चीत बसलेली एक बाई कपातून काहीतरी पीत होती.

डॉरकस बाई म्हणाल्या, "ही कोण आणि हिच्याकडे बोंबल्या कसा?"

लिअँडरला ती खुर्ची ओळखीची वाटली. मग त्याने स्वेटर ओळखला.

"बाई, ती माझी बायको आहे."

डॉरकस बाईंनी पुन्हा एकदा खाली बघितलं. "मग तू नीट धरून बस," त्या म्हणाल्या आणि रस्त्याकडेच्या तळ्यावर विमान उतरवलं.

ट्रायफिनाने विमान उतरताना बघितलं, तळ्यातून गुडघाभर पाणी तुडवत येणारा आपला नवरा बघितला, आणि किटलीत अजून पाणी ओतलं. फोनवर ते 'बरं' म्हटल्यावर तिने त्याच रात्री भावाचा पिकअप मागून घेतला होता. गुरुवारचा पूर्ण दिवस गाडीत, मग बोटीने सामुद्रधुनी ओलांडून रात्री पोर्ट होप सिम्पसनला मावसबहिणीकडे मुक्काम, आणि पहाटे पुन्हा रस्त्याला. रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारी खडी. एका खड्ड्यात मागचं एक चाक फुटलं, ते बदललं, तर पुढच्या खड्ड्यात दुसरं. सकाळपासून एक गाडी आली नव्हती. मावसबहिणीने सॅटेलाइट फोन नेतेस का म्हणून विचारलं होतं, तर ही म्हणाली, मी ज्याला फोन करायचा त्याच्याकडेच चाललेय.

"हे घ्या, चहा घ्या," तिने बाईंपुढे कप धरला. "मला वाटलं, मासे धरणारे कुणी आले. पण धुरामुळे आलात की काय?"

लिअँडर पिकअपच्या मागे चढला. गादी बाजूला केली, खोकी बाजूला केली. तळाशी त्याचाच जुना हत्यारांचा पेटारा आडवा पडला होता. बेटावरची कंपनी बंद पडली तेव्हा एका भंगार विमानातून काढलेला बोंबल्या त्याने त्या पेटाऱ्यात टाकला होता आणि त्यातली बॅटरी काढायची राहून गेली होती. खड्ड्यात पेटारा उलटला, हिसका बसला, आणि बोंबल्याला वाटलं विमान पडलं. लिअँडरने खटका बंद केला. तळ्याच्या काठावर ठेवलेला रेडिओ गप्प झाला, आणि तेव्हा कुठे ट्रायफिनाला कळलं की ती सकाळपासून अर्ध्या आकाशाला हाका मारत होती.

डॉरकस बाई चहा पीत उभ्या होत्या. हिशेब मांडून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या पायलटाने पहिल्यांदा ऐकली ती बोंब तुझी की हिची, देवालाच ठाऊक. तुझ्या पाच सेकंदांत काय ऐकणार कुणी? तू गप्प बसला असतास तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, लिअँडर."

"गप्प बसणं त्याला येत नाही," ट्रायफिना म्हणाली. "झोपेतसुद्धा बोलतो." मग तिच्या लक्षात आलं. "पण तू काय केलंस?"

लिअँडरने सांगितलं. घड्याळ, अंगठा, साडेदहा. संध्याकाळी बोलू, हेही सांगितलं. डॉरकस बाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या, तरी त्याने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुला म्हटलं होतं ना, पक्की होईपर्यंत थांब. नाही झाली ती पक्की. आता हे सगळं पुन्हा बोटीवर चढवावं लागणार. कशाला आलीस तू?"

ट्रायफिनाच्या हातात कप होता. तिने तो खुर्चीच्या हातावर ठेवला.

"तुझी नोकरी पक्की व्हायची होती, म्हाताऱ्या. माझं काय पक्कं व्हायचं राहिलं होतं? लग्नाला पुष्कळ वर्षं झाली आपल्या. मी तुझ्या नोकरीकडे आले नाही. तुझ्याकडे आलेय. नोकरी नसेल तर दोघं मिळून परत जाऊ, एवढंच."

लिअँडरला हे ऐकताना रडू आलं, आणि त्याने ते डासांच्या नावावर खपवलं. धुरात उभं राहून तो डोळे चोळत होता आणि ट्रायफिना त्याच्या पाठीवर हात फिरवत, काही झालं नसल्यासारखी, त्याच्या ओल्या बुटांबद्दल त्याला बोलत होती.

डॉरकस बाईंनी उरलेला चहा संपवला, कप पाण्याने विसळून जागेवर ठेवला आणि विमानातल्या लांब पल्ल्याच्या रेडिओकडे गेल्या. विमानतळवाले बातमीची वाट बघत होते. विमानाच्या उघड्या दारातून त्यांचा आवाज धुनीपर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

"बोंब बंद केली," त्या सांगत होत्या. "विमान नाही, सामानाने भरलेली गाडी आहे. बाई एक, धडधाकट आहे. नाही, हेलिकॉप्टर नको, मी घेऊन येते. आणि टोबीला फोन करून सांगा, रस्त्याने दोन चाकं पाठव." तिकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण बाई जरा थांबल्या.

"सामान का? तर घर लावायला आली आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या मेकॅनिकची बायको आहे."